खोलीपेक्षा किती जास्त

बाबा कुठल्याही यंत्राला तळहात लावत नाहीत. हाताची मागची बाजू लावतात. पाण्याची मोटर असो, मिक्सर असो, भिंतीतला प्लग असो. त्यात करंट उतरलेला असेल तर तळहाताची बोटं आवळली जातात आणि वस्तू सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटक्यासरशी बाजूला होतो. वीज मंडळाच्या सबस्टेशनवर चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. लहानपणी मला ताप आला की ते कपाळालाही असाच हात लावत.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या पोटाला तसा हात लावला. अकोल्यातली दुपारची तीनची वेळ, बाहेर ४४ अंश. खिडकीतला कूलर चालू होता आणि टेबलावरच्या लॅपटॉपचा पंखा त्या कूलरच्या वरताण आवाज करत होता. मी घरून काम करते. एका मोठ्या सॉफ्टवेअरचा बिल्ड लावलेला होता, म्हणजे हजारो फायली वाचून त्यांचा एक चालणारा प्रोग्रॅम तयार होत होता. अशा वेळी प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकदम कामाला लागतात.

"हे इतलं काऊन तापून रायलं वं?" बाबांनी विचारलं.

"काम करतंय, बाबा."

"मोटरही काम करते. तापते, पण पाणी तर वर चढवते. हे काय चढवते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. इतकी वर्षं या यंत्रांवर पोट भरते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मोटरचा हिशेब सरळ आहे. घेतलेल्या विजेतली काही पाणी वर नेण्यात खर्च होते, उरलेली तापण्यात जाते, आणि जी तापण्यात जाते तिला बाबा 'लॉस' म्हणतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये तर हा लॉस शंभरातला एखादाच भाग असतो. लॅपटॉपमध्ये कोणता भाग कामात जातो आणि कोणता लॉसमध्ये? माझा बिल्ड पूर्ण झाला तेव्हा डिस्कवर एक फाईल तयार झाली. तिच्यात साठलेली ऊर्जा नगण्य. पडद्यातून बाहेर पडलेला उजेड भिंतींनी शोषला आणि त्याची उष्णताच झाली. पंख्याचा वाराही खोलीत फिरून शेवटी उष्णतेतच जिरला. म्हणजे भिंतीतून आलेला वॉट न् वॉट खोली तापवण्यात गेला. विजेच्या हिशेबात माझा लॅपटॉप म्हणजे ५० वॉटचा हीटर होता आणि तो मी मे महिन्यात अकोल्यात लावून बसले होते.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग याची एफिशियन्सी काढाची कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. 'किती टक्के कामात गेलं' हे माप इथे चालतच नाही, कारण ते सगळ्याच संगणकांचं शून्य येईल. इथे विचारायचं ते वेगळं: तेवढ्याच उष्णतेत किती काम उरकलं? रोल्फ लांडावर या आयबीएममधल्या पदार्थवैज्ञानिकाने १९६१ साली दाखवून दिलं की माहितीचा एक बिट, म्हणजे तिचा सगळ्यात लहान कण, पुसायला निसर्ग किमान काही उष्णता घेतोच, तिच्याखाली जाता येत नाही. पण ती मर्यादा इतकी खाली आहे की आजची कुठलीही चिप तिच्या आसपासही पोचलेली नाही. मधली सगळी जागा माणसांच्या हुशारीची आणि चुकांची आहे, आणि लॅपटॉप-लॅपटॉपमधला फरक त्याच जागेत पडतो.

त्या उन्हाळ्यात मी याच्या मागे लागले. कामाची गरज होतीच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे बऱ्याच वर्षांनी बाबा आणि मी एका विषयावर रोज बोलत होतो.

त्यांना पटेल अशी सुरुवात विजेपासूनच करावी लागली. चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर, म्हणजे तिथला विजेचा बारीक स्विच, हा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर धरला, तर चिपचं काम म्हणजे असे अब्जावधी कपॅसिटर भरायचे आणि रिकामे करायचे. दर वेळी लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि सेकंदाला किती वेळा भरायचं ती झाली गती. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, नाहीतर ट्रान्झिस्टर वेळेत उघडझाप करत नाहीत. सगळी गोम इथे आहे. समजा, व्होल्टेज १.२ वरून ०.९ वर आणलं आणि वेगही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे पाऊणपट केला, तर पाऊणचा वर्ग गुणिले पाऊण, म्हणजे ०.४२. वेग फक्त चौथाईने कमी झाला आणि वीज निम्म्याहूनही खाली आली. उलट दिशेने पाहिलं तर शेवटचा थोडासा वेग पिळून काढायला जबर किंमत मोजावी लागते. बाबांनी हे गणित स्वतः कॅलेंडरच्या मागे करून पाहिलं, मगच मान हलवली.

तीस वर्षं या गणिताने चिप बनवणाऱ्यांना साथ दिली. आयबीएमच्याच रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत गेलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतील आणि तरी त्या जागेतून निघणारी उष्णता तेवढीच राहील. झालंही तसंच. पण या शतकाच्या सुरुवातीला व्होल्टेज आणखी उतरेना. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून करंट पाझरू लागला, वायसर झिजलेल्या नळासारखा. आणि चिप जितकी तापते तितका हा पाझर वाढतो. पाझर वाढला की चिप आणखी तापते. इंटेलचे तेव्हाचे तंत्रप्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता की असंच चालत राहिलं तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधून निघणारी उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या बरोबरीला जाईल. तरी फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच कंपनीची प्रेस्कॉट नावाची पेंटियम ४ चिप बाजारात आली. गीगाहर्ट्‌झचा, म्हणजे वेगाचा, आकडा फुगवता यावा म्हणून तिच्यात प्रत्येक आज्ञेचं काम ३१ टप्प्यांत तोडलं होतं, आणि भर कामात ती शंभर वॉटच्या वर जायची. तिच्या पुढच्या पिढीचा, तेजस नावाचा प्रकल्प त्याच वर्षी मे महिन्यात गुंडाळावा लागला. तेजस! सूर्याशी नातं सांगणारा शब्द.

आता कोणी म्हणेल, हा त्या चिपच्या घराण्याचाच दोष. पण त्याच कंपनीच्या इस्राएलमधल्या हैफा इथल्या गटाने मार्च २००३ मध्ये लॅपटॉपसाठी पेंटियम एम आणली होती. तीच एक्स८६ भाषा, म्हणजे इंटेलच्या चिपांना कळणाऱ्या आज्ञांचा संच, तेच प्रोग्रॅम चालवणारी, आणि उष्णतेचं माप २४.५ वॉट. गीगाहर्ट्‌झ कमी, कॅशे (चिपमधली हाताशी असलेली छोटी मेमरी) मोठी, टप्पे कमी. हैफाच्या त्या गटाला सुरुवातीपासून एकच गोष्ट समोर ठेवायला सांगितली होती: बॅटरी. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आर्म या दुसऱ्या, मोबाइल फोनांतल्या चिपभाषेबद्दल 'आर्म म्हणजे थंड, एक्स८६ म्हणजे गरम' असं जे सरसकट बोललं जातं त्याला तो आडवा येतो.

पण आर्मची जन्मकथाही सांगायलाच हवी, आणि ती बाबांना सगळ्यात जास्त आवडली.

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न नावाची लहानशी कंपनी होती. बीबीसी मायक्रो हा तिथल्या शाळांमधला संगणक तिचाच. पुढच्या यंत्रासाठी बाजारातला एकही प्रोसेसर मनासारखा मिळेना, म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी तो स्वतः करायला घेतला. पैसा नव्हता, माणसं नव्हती. चिप स्वस्त हवी तर तिचं वेष्टन सिरॅमिकचं न करता प्लॅस्टिकचं करायचं, आणि प्लॅस्टिक टिकायचं तर चिपने एका वॉटच्या आत राहायचं. पण आखलेली चिप प्रत्यक्षात किती वीज खाईल हे आधी सांगणारी साधनं त्यांच्याकडे नव्हती. म्हणून प्रत्येक जागी हात आखडता ठेवला. २६ एप्रिल १९८५ ला पहिली आर्म चिप हातात आली. जेमतेम २५ हजार ट्रान्झिस्टरची. बोर्डावर बसवली आणि ती चालू लागली. फर्बरने किती करंट घेते ते पाहायला अमीटर जोडला, तर काटा शून्यावर.

"शून्यावर म्हणजे? सप्लाय नसन," बाबा लगेच म्हणाले.

तेच होतं. बोर्डातल्या दोषामुळे चिपला वीज पोचतच नव्हती. तरीही ती चालत होती, कारण आजूबाजूच्या सर्किटांकडून सिग्नलच्या तारांमधून जो थोडासा करंट आत येत होता, तेवढ्यावर तिचं भागत होतं. पुढे नीट जोडून मोजलं तर ती एका वॉटच्या दहाव्या भागावर चालत होती. ठरवलं होतं एक वॉट.

बाबांनी हे ऐकून दोन्ही हात जोडले. थट्टेने नव्हे. ज्याने आयुष्यभर मीटरचे काटे वाचले त्यालाच त्या शून्याची किंमत कळते.

आर्मची काटकसर तिच्या बालपणातून आली, असं मला वाटतं. ओढगस्तीच्या घरात वाढलेल्या माणसाला पुढे पैसा आला तरी दिवा मालवल्याशिवाय खोलीबाहेर पडवत नाही, तशी. एक्स८६ घराण्याचं मूळ १९७८ च्या ८०८६ चिपमधलं. ते वाढलं टेबलावरच्या संगणकांत, भिंतीतल्या प्लगच्या भरवशावर. तिथे वीज कमी पडत नव्हती, वेग कमी पडत होता. १९९० मध्ये आर्म ही वेगळी कंपनी झाली, तीही हातात धरायच्या यंत्रांसाठी चिप हवी होती म्हणून. आणि पुढे मोबाइल फोनांनी तिला जगभर नेलं. बहुतेक फोनांत तर पंखा बसवायची सोयच नाही.

मग भाषेचा, म्हणजे चिपच्या आज्ञासंचाचा, काहीच संबंध नाही का? थोडा आहे. तो मला मोडी लिपीमुळे समजला.

आमच्या घरी पणजोबांच्या काळचे मोडीतले जमिनीचे कागद आहेत. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे मी ते घेऊन गेले होते. मोडीत शब्द तोडत नाहीत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं सलग वाहत जातात. एक शब्द कुठे संपला हे कळल्याशिवाय पुढचा कुठे सुरू झाला ते कळत नाही, म्हणून वाचणारा डावीकडून एकेक सोडवत जातो. एक्स८६ च्या आज्ञा तशा आहेत. एखादी आज्ञा एका बाइटची असते, एखादी १५ बाइटांपर्यंत जाते. पहिलीची लांबी ठरेपर्यंत दुसरी कुठून वाचायची ते ठरत नाही. एकदम सहा-आठ आज्ञा वाचायच्या असतील तर चिपला पुष्कळ अंदाज बांधावे लागतात, त्यातले बरेचसे टाकून द्यावे लागतात, आणि टाकून दिलेल्या अंदाजालाही वीज लागतेच. आजच्या ६४ बिटांच्या आर्ममध्ये प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटांची. बालभारतीच्या पुस्तकासारखे सुटे सुटे शब्द. आठ जणांनी आठ शब्द एकदम वाचायला घ्यावेत, कोणाला कोणासाठी थांबायला नको.

पण ते गृहस्थ काय करत होते, तर एकदा लावलेला मजकूर शेजारच्या वहीत देवनागरीत उतरवून ठेवत होते, म्हणजे पुन्हा मूळ कागद सोडवत बसायला नको. इंटेलने २०११ च्या चिपांपासून नेमकं हेच केलं. सोडवलेल्या आज्ञा जवळच्या एका लहान कॅशेत ठेवायच्या, आणि तेच काम पुन्हा आलं की वहीतून वाचायच्या. प्रोग्रॅममध्ये तेच ते वळसे हजारो वेळा येतात, त्यामुळे मोडीचा खर्च बराच वाचतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दोन्ही भाषांच्या बऱ्याच चिपा शेजारी ठेवून मोजमाप केलं. त्यांचा निष्कर्ष असा की विजेच्या खर्चातला फरक चिप कशी आणि कशासाठी आखली यावरून पडतो; भाषा कोणती हे त्यात फारसं उरत नाही. मला हे बरंचसं पटतं. पूर्ण नाही, कारण सगळ्यात रुंद दारांच्या, म्हणजे एकदम सगळ्यात जास्त आज्ञा वाचणाऱ्या, चिपा आधी सोप्या भाषेच्या घरात झाल्या, यालाही काही अर्थ असावा.

इथे एक योगायोग सांगते. ६ जून २००५ या दिवशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. बाबा मंडळाचे होते ते महापारेषणचे झाले. घरात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. पेन्शनचं काय, बदलीचं काय. नेमक्या त्याच तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केलं की ॲपल आपल्या संगणकांतला पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जाणार. कारण त्यांनी वॉटच्या भाषेत सांगितलं: पुढच्या काळात एका वॉटमागे पॉवरपीसीकडून १५ एकक काम मिळेल आणि इंटेलकडून ७०. पॉवरपीसीची जी५ चिप इतकी तापायची की ती लॅपटॉपमध्ये कधी बसवताच आली नाही. टेबलावरच्या मोठ्या यंत्रातसुद्धा तिच्या एका आवृत्तीला पाण्यासारखा द्रव खेळवून थंड ठेवावं लागलं. म्हणजे त्या दिवशी काटकसरी ठरली ती एक्स८६, पेंटियम एमच्या वळणाची. पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कंपनीने त्याच कारणासाठी इंटेलला सोडलं. १० नोव्हेंबर २०२० ला तिची स्वतःची एम१ चिप आली: आर्मची भाषा, तैवानच्या टीएसएमसी या चिप-कारखान्याच्या ५ नॅनोमीटर तंत्रावर (हा आकडा जितका लहान तितके ट्रान्झिस्टर बारीक) बनलेली, १,६०० कोटी ट्रान्झिस्टर. मॅकबुक एअर या लॅपटॉपमधून पंखा काढूनच टाकला. बॅटरी ४९.९ वॉट-तासांची आणि इंटरनेट वापरताना १५ तास चालण्याचा दावा. भागाकार केला तर पडद्यासकट सरासरी सव्वातीन वॉट येतात. आमच्या देवघरातला एलईडी दिवा पाच वॉटचा आहे.

हे साधलं कशाने? एकदम आठ आज्ञा वाचणारं रुंद दार. रुंद म्हणून कमी वेगावर आणि कमी व्होल्टेजवर तेवढंच काम. चार मोठे कोअर आणि चार लहान. ईमेल आली का एवढं पाहायला मोठे कोअर उठवायचे नाहीत, जसं तांब्याभर पाण्यासाठी आपण विहिरीवरची दहा हॉर्सपॉवरची मोटर लावत नाही. मेमरी चिपच्या अगदी शेजारी, त्याच वेष्टनात, म्हणजे माहिती नेण्याआणण्यातला खर्च कमी. आणि झोप. लॅपटॉप बहुतेक वेळ आपली वाट पाहत असतो. दोन अक्षरं टाइप करण्याच्या मधल्या क्षणात त्याच्या दृष्टीने एक युग जातं. जी चिप काम झटपट संपवून तेवढ्यात डुलकी काढते ती संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरवते.

मी त्याच सुमारास आर्म पठडीतला बिनपंख्याचा लॅपटॉप घेतला. डिसेंबरात घरी आला. बाबांनी त्यांच्याकडचा प्लगमध्ये लावायचा मीटर काढला, आणि एक आखीव वही. सबस्टेशनवर दर तासाला तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान, करंट लॉगशीटवर लिहायचं, तशीच रकाने पाडलेली: तारीख, वेळ, खोली, यंत्र, वॉट, मिनिटं, शेरा. तोच बिल्ड दोन्ही यंत्रांवर लावला. खोली २४ अंश. जुन्याला ३१ मिनिटं लागली आणि एकूण २७ वॉट-तास. नव्याला १४ मिनिटं आणि पाच वॉट-तास.

त्या दोन आकड्यांवर मी बराच वेळ खूश होते, मग लक्षात आलं की ही तुलना न्यायाची नाही. जुनं यंत्र एक्स८६ भाषेचं, १४ नॅनोमीटरच्या तंत्राचं, नवं ५ च्या. मध्ये चार वर्षं गेलेली. माझ्या मीटरवर दिसत होता तो फरक भाषेचा किती, कारखान्याचा किती आणि आखणीचा किती, हे त्या वहीतून सांगता येत नव्हतं. न्यायाची तुलना पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये करता आली, इंटेलची लुनार लेक ही चिप आली तेव्हा. एक्स८६ च भाषा. पण चिपचा मुख्य भाग टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटर तंत्रावर करून घेतलेला, मेमरी वेष्टनातच, चार मोठे आणि चार लहान कोअर, आठ आज्ञांचं दार. म्हणजे एम१ ने ज्या वाटा चोखाळल्या त्याच. आणि तिचे लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत, त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या क्वालकॉमच्या आर्मवाल्या स्नॅपड्रॅगन एक्सच्या पंगतीला जाऊन बसले. मोडी वाचणारा निवांतपणे वाचू लागला, कारण त्याला खोली, दिवा आणि टेबल तशा कामाचं मिळालं. मात्र मेमरी आत घेणं खर्चिक ठरलं आणि पुढच्या चिपांत तसं करणार नसल्याचं इंटेलने सांगितलं. काटकसर शिकायला पैसे लागतात, हे आमच्याकडे सोलर पंप बसवणारा कोणीही सांगेल.

चिपमधून निघालेली उष्णता बाहेर कशी जाते, हा भाग अकोल्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. लॅपटॉप उघडला की चिपवरून पंख्यापर्यंत गेलेली एक चपटी तांब्याची नळी दिसते. ती भरीव असते असं मला वाटायचं. ती पोकळ असते. आतली हवा काढून घेतलेली, थोडंसं पाणी, आणि आतल्या भिंतीला वातीसारखा सच्छिद्र थर. हवा नसल्याने पाण्याची वाफ कमी तापमानालाच होते. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन पंख्याकडच्या टोकाला पळते, तिथे तिचं पाणी होतं आणि वातीतून परत चिपकडे येतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात, हे शाळेत अप्रकट उष्म्याच्या धड्यात पाठ केलेलं. माठातलं पाणी गार होतं त्यामागे तेच, कूलरच्या ओल्या जाळीतून वारा गार येतो त्यामागेही तेच. फक्त लॅपटॉपच्या नळीत तेच थेंब वर्षानुवर्षं फिरत राहतात. कूलरसारखी दर दोन तासांनी बादली ओतावी लागत नाही.

पण नळी उष्णता फक्त दारापर्यंत आणून सोडते. दाराबाहेर खोलीची हवा. तीच तापलेली असेल तर?

पहिल्या उन्हाळ्यात मी बाबांना सांगितलं की चिप ९५ अंशांना गेली आणि तिने आपणहून वेग उतरवला. ते म्हणाले, "किती तापलं ते नोको सांगू. खोलीपेक्षा किती जास्त, ते सांग." ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर असंच लिहिलेलं असतं: तापमानवाढ, सभोवतालच्या हवेपेक्षा. उष्णता वाहते ती फरकावर. चिपला १०० अंशांपर्यंत परवानगी आहे असं धरू. खोली २५ असेल तर ७५ अंशांची उतरंड मिळते. खोली ४० असेल तर ६० ची. म्हणजे तोच पंखा आणि तीच नळी पूर्वी ३० वॉट बाहेर टाकत असेल तर आता २४. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही. सहा वॉट अकोल्याने खाल्ले.

बिनपंख्याच्या यंत्राचं तर आणखी वेगळं. ते उष्णता आपल्या धातूच्या अंगातूनच सोडतं, आणि ते अंग माणसाच्या मांडीवर, हाताखाली असतं. त्याला १०० पर्यंत जाऊ देता येत नाही. पंचेचाळीसच्या आसपास थांबवावंच लागतं. शेगडीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. तसेच डाग मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन् तास बसणाऱ्यांनाही आढळले आहेत. मग हिशेब करा. २५ अंशांच्या खोलीत धातूला २० अंशांची उतरंड मिळते. ४० च्या खोलीत पाच. चौथाई! माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात वापरण्यासाठी योग्य तापमान १० ते ३५ अंश असं छापलेलं आहे. मे महिन्यात कूलर बंद पडला की आमच्या घरात रात्री अकरालासुद्धा भिंतींजवळ ३५ च्या वर असतं. जे यंत्र कुठेतरी गार खोलीत जोखलं जातं, त्याच्या आकड्यांत आमचा वैशाख धरलेला नसतो. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या किती मुलांचं शिक्षण आज या यंत्रांवर चालतं! लॅपटॉपच्या प्रत्येक परीक्षणात ४० अंशांच्या खोलीतला एक आकडा असावा, असं मला मनापासून वाटतं.

बाबांनी त्यावर ट्रान्सफॉर्मरच्याच दोन रेटिंगांची गोष्ट सांगितली. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर दोन क्षमता लिहिलेल्या असतात. एक ओएनएएन, म्हणजे तेलही आपोआप फिरतं आणि हवाही आपोआप लागते. दुसरी ओएनएएफ, म्हणजे पंखे सुरू केल्यावरची, जास्त. उन्हाळ्यात लोड चढला की पंखे आपोआप लागत, आणि एखादा पंखा लागला नाही तर ऑपरेटरची रात्र उभ्यानेच जाई. "याले पंखा नाई, मंग याचं रेटिंग एकच. हिवाळ्याचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं लिहून ठेव," ते म्हणाले. तापल्यावर चिपने वेग उतरवण्याला मी जिथे थ्रॉटलिंग म्हणत होते, तिथे त्यांच्याकडे शब्द होता 'डीरेटिंग', आणि त्यात यंत्राबद्दल तक्रार अजिबात नव्हती.

मात्र भारनियमनाच्या रात्री नव्या यंत्राची बाजू स्पष्ट दिसते. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची. कागदावर १,८०० वॉट-तास, पण हाती लागतात बाराशेच्या आसपास. छताचा पंखा, दिवा, राउटर मिळून १०५ वॉट. त्यावर जुना लॅपटॉप साठ वॉटने चालला तर सव्वासात तास. नवा दहाच्या आसपास असतो. मग साधारण साडेदहा तास. ते वाचलेले तीन तास बाबांच्या पंख्याचे. त्यांना दमा आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा वही काढली. जुन्या लॅपटॉपचं झाकण बाबांनीच उघडलं. पंख्याच्या पात्यांमागे कापसाच्या पेळूसारखी धूळ साचली होती. ती काढली, चिपवरची वाळून पापडी झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. तो आता भाचा वापरतो, आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. नव्या यंत्रावर तोच डिसेंबरचा बिल्ड लावला, फायलींमध्ये काही बदल न करता. २४ मे, दुपारी तीन, कूलर बंद ठेवून. खोली ३९. धातू ४५. सुरुवातीला २१ वॉट, पाच मिनिटांनी १२, पुढे ९. एकूण २० मिनिटं. बाबांनी ओळ लिहिली, शेऱ्याच्या रकान्यात 'डीरेटेड' लिहिलं, आणि कूलर लावला.

जूनच्या मध्यावर एका रात्री पाऊस आला. पहिला मोठा पाऊस, पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा. सकाळी अंगणात गारवा होता, भिंती पहिल्यांदाच हाताला थंड लागत होत्या. बाबा चहाच्या आधीच वही घेऊन टेबलाशी बसले होते.

"लाव," म्हणाले.

मी बिल्ड लावला. खोली २६. पाच मिनिटांनी त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली हाताची मागची बाजू सरकवली आणि तशीच राहू दिली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. चौदाव्या मिनिटाला काम संपलं. त्यांनी हात काढला, चष्मा पुसला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'रात्री पाऊस. नॉर्मल.'